अनुग्रह कालावधी

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागलं की मांजरसुंबा येतं. तिथून आत वळलेला रस्ता बालाघाटच्या डोंगरात शिरतो आणि कपिलधारला नेऊन सोडतो. पावसाळ्यात इथला धबधबा पाहायला माणसं येतात, पण या जागेचं खरं नाव आहे ते मन्मथस्वामींच्या समाधीमुळे. मराठवाड्यातली आणि शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातली वीरशैव लिंगायत घरं कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या घेऊन इथे चालत येतात. वीरशैवांचं गहन तत्त्वज्ञान मन्मथस्वामींनी मराठीत आणलं, ‘परमरहस्य’ लिहिलं, आणि ज्यांना संस्कृताचं दार कधी उघडलं नसतं त्यांच्या हाती ते दिलं. एवढ्यासाठीसुद्धा त्यांचे पाय धरावेत.

या परंपरेत ‘अनुग्रह’ हा फार वजनाचा शब्द आहे. गुरू शिष्याला समोर बसवतो, दीक्षा देतो, इष्टलिंग हाती ठेवतो, तो अनुग्रह. त्यावर शिष्याचा दावा नसतो. गुरूची कृपा झाली तर लाभला, नाहीतर वाट पाहायची. समाधीपुढे हात जोडणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

हाच शब्द महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींमध्ये भेटतो. दिव्यांग उमेदवारांसाठीच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं: लेखनिक व अनुग्रह कालावधी. ज्याला दिसत नाही, ज्याचा हात चालत नाही, ज्याला अक्षरं जुळवताना इतरांहून वेळ लागतो, त्याला पेपर सोडवायला मिळणारी जास्तीची मिनिटं म्हणजे हा अनुग्रह कालावधी. मराठी कारभाराने तो कृपेच्या खात्यात टाकला. केंद्र सरकारने मात्र २६ फेब्रुवारी २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं होतं, की ‘जादा वेळ’ हा शब्द यापुढे वापरू नका, ‘भरपाईचा वेळ’ म्हणा, आणि तो दर तासाला वीस मिनिटांहून कमी असता कामा नये. भरपाई देणं लागतं. ती मागताना कुणाला ओशाळं व्हावं लागत नाही. कृपेपासून भरपाईपर्यंत यायला देशाला बरीच वर्षं लागली, आणि कागदावर कापलेलं ते अंतर परीक्षाकेंद्राच्या खोलीत अजून पुरतं कापलं गेलेलं नाही.

*

अंधांच्या शिक्षणाची महाराष्ट्रातली सुरुवात मुंबईत झाली. १९०० साली अमेरिकन मिशनच्या अॅना मिलार्ड यांनी तिथे अंध मुलांसाठी शाळा काढली. दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली, १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंधजन मंडळ उभं राहिलं. मुलं शिकू लागली. शिकली की परीक्षा आलीच, आणि परीक्षा होती डोळसांची. ब्रेलमध्ये लिहिलेली उत्तरपत्रिका तपासणार कोण? म्हणून मार्ग निघाला तो दुसऱ्याच्या हाताने लिहिण्याचा. सरकारी कागदावर त्या दुसऱ्या माणसाला ‘लेखनिक’ म्हणतात. मुलं, त्यांचे पालक, शिक्षक सगळे म्हणतात ‘रायटर’. दहावीच्या मुलाला नववीचा रायटर, हे महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये सर्वांना माहीत असलेलं गणित.

रायटर घेऊन पेपर लिहिणं म्हणजे काय, ते एकदा शेजारी बसून पाहावं. रायटर प्रश्न वाचतो. परीक्षार्थी तो पुन्हा वाचायला सांगतो, कारण डोळ्याने परत वर जाता येत नाही. मग उत्तर मनात मांडायचं, वाक्य करून बोलायचं, रायटरचा हात कुठवर आलाय याचा अंदाज घेत थांबायचं. रायटर एक इयत्ता मागे असतो, तेव्हा विज्ञानातला एखादा शब्द त्याच्या कानावरून कधी गेलेलाच नसतो. तो अक्षर अक्षर सांगून लिहून घ्यावा लागतो. गणितात तर समीकरण तोंडाने बांधायचं: रेघेच्या वर काय, खाली काय, कंस कुठे उघडला, वर्ग कंसातल्या एका पदाचा की सगळ्या कंसाचा. डोळस मुलगा जी पायरी चार सेकंदांत उतरवतो तिला इथे मिनिट जातं. तासाला वीस मिनिटं कुठून आली, असं विचारणाऱ्याने हे मिनिट मोजावं. त्यात विचार करायला मिळालेला वेळ एक सेकंदही नाही. यंत्रणेने आधी घेतलेलं तेवढं परत केलेलं असतं.

शाळेत चाललं, कॉलेजात चाललं. पण स्पर्धेचा पेपर आला की दार बंद. १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अंध उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने देता येत नव्हती. अंधांसाठी योग्य अशी वरच्या श्रेणीतली शेकडो पदं सरकारनेच १९८६ मध्ये निवडून ठेवली होती. पदं होती, त्यांच्यापर्यंत नेणारी परीक्षा मात्र बंद होती. राष्ट्रीय दृष्टिहीन महासंघ सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि मार्च १९९३ मध्ये न्या. कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने सांगितलं, की या पदांसाठी दृष्टिहीनांना परीक्षेला बसू द्या, ब्रेलने किंवा लेखनिकाने. अपंगांच्या हक्कांचा एकही व्यापक कायदा तेव्हा देशात नव्हता. राज्यघटनेचा आधार तेवढा होता.

कायदा आला १९९५ मध्ये, लागू झाला ७ फेब्रुवारी १९९६ ला. त्याच्या ३१ व्या कलमाने प्रत्येक शिक्षणसंस्थेवर अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक देण्याची जबाबदारी टाकली. हे मोठं पाऊल. पण त्याच्या आधीचं ३० वं कलम वाचताना मन खट्टू होतं. अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षेतले निव्वळ गणिती प्रश्न काढून टाकावेत, असा बदल त्यात सुचवला होता. हेतू चांगलाच असणार. पण अडचण पेपरच्या मांडणीत होती आणि इलाज केला गेला मुलाच्या विषयावर. गणित सुटलं की विज्ञान सुटतं, विज्ञान सुटलं की अभियांत्रिकी, वैद्यक, संगणक सगळ्या प्रवेशपरीक्षा सुटतात. दयेने दिलेल्या सवलतीची किंमत मूल पुढे आयुष्यभर मोजतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

*

महाराष्ट्राचं श्रेय इथे नोंदवायला हवं. १९९६ मध्ये राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती दिल्या. तेव्हा देशात फार थोड्या ठिकाणी या मुलांचा विचार होत होता. बुद्धी उत्तम, कान-डोळे ठीक, तरी वाचताना अक्षरं सांडतात, लिहिताना हात अडतो, आकडे उलटे पडतात. शाळेत त्यांना ‘ढ’ म्हणत. सवलती भरघोस होत्या: जास्तीचा वेळ, रायटर, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, गणकयंत्र, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित, एका भाषेतून सूट. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. सुनील करंदे यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी या मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं, लिहिलं, त्यांचा प्रश्न वैद्यकाच्या आणि सरकारच्या पटलावर ठेवला.

पण प्रमाणपत्र मिळे मुंबईतल्या मोजक्या रुग्णालयांतून. बीड जिल्ह्यातल्या नेकनूर किंवा पाटोद्याच्या मुलाला शीवला न्यायचं, तर बापाची चार दिवसांची मजुरी बुडणार. तपासणीची साधनंही बहुतेक इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला देऊन त्याची वाचनाची अडचण कशी कळणार? मराठी, हिंदी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत डिस्लेक्सियाची चाचणी देणारं ‘डाली’ हे साधन राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलं. म्हणजे सवलत आली १९९६ ला आणि मराठी मुलाची अडचण मराठीत तपासायचं हे साधन आलं एकोणीस वर्षांनी. मन्मथस्वामींच्या जिल्ह्यात तरी हे कुणाला विचित्र वाटायला हवं होतं.

आणखी एक मोठी फट होती. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सातच प्रकार मानले होते. त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. त्यामुळे राज्याने दहावी-बारावीला जे दिलं, ते बारावीनंतर पेचात सापडायचं. बोर्डाच्या पेपरला रायटर आणि वेळ घेऊन चांगले गुण मिळवलेला मुलगा अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेला बसला, की त्याच्यामागे केंद्राच्या कायद्याचा आधार उरत नसे. मुलगा तोच, हात तोच, अडचण तीच. बदलला होता फक्त पेपर काढणारा.

२००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. देशाच्या कायद्याला ‘वाजवी सोय’ ही कल्पना तिथून मिळाली. माणसाला परिस्थितीशी जुळवून घ्यायला सांगण्याऐवजी परिस्थितीने माणसासाठी थोडं सरकायचं. २०१३ च्या मार्गदर्शक सूचना याच विचारातून आल्या. तोवर प्रत्येक परीक्षामंडळाचा रायटरविषयी वेगळा कायदा: अमुक इयत्तेचाच, अमुक टक्क्यांच्या आतला, अमुक विषयाचा नसलेला. २०१३ ने या अटी काढल्या. रायटर स्वतः आणावा की मंडळाकडून घ्यावा, हे उमेदवाराने ठरवायचं. पाच वर्षांनी, २०१८ च्या सूचनांत, स्वतःचा रायटर आणला तर त्याचं शिक्षण एक पायरी कमीच हवं, ही अट परत आली.

याच वर्षांत उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचा प्रवास झाला. सहाव्या वर्षी दृष्टी गेलेली ही मुलगी अॅना मिलार्ड यांच्या त्याच दादरच्या शाळेत शिकली, मग सेंट झेवियर्स, मग दिल्लीचं जेएनयू. नागरी सेवेच्या २०१५ च्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक आला, रेल्वेची लेखासेवा मिळाली, आणि पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेने ती नाकारली. त्या पुन्हा बसल्या. २०१६ च्या परीक्षेत क्रमांक आला १२४. देशातल्या पहिल्या दृष्टिहीन महिला आयएएस अधिकारी म्हणून केरळ केडरमध्ये त्या रुजू झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. १९९३ चा निकाल लागला नसता, तर हा पेपर त्यांच्यापुढे आलाच नसता. एका निकालाला फळ यायला किती काळ लागतो, ते यावरून कळतं.

*

नवा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातचे एकवीस प्रकार झाले. अध्ययन अक्षमता आली, ॲसिड हल्ल्यात होरपळलेले आले, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन आले. १७ व्या कलमात परीक्षापद्धतीत बदल, जास्तीचा वेळ, लेखनिक, हे सगळं स्पष्ट शब्दांत आलं. ३२ व्या कलमाने उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखल्या, पण त्या ‘लक्षणीय’ म्हणजे किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी.

चाळीस टक्के. मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयाबाहेर उभं राहा, प्रमाणपत्राच्या दिवशी हाच आकडा कानावर येतो. ‘किती बसले?’ ‘छत्तीसच दिले.’ राखीव जागेसाठी कुठेतरी रेघ मारावी लागते, हे समजण्यासारखं आहे. पण २०१८ च्या सूचनांनी तीच रेघ रायटर आणि वेळेवरही ओढली. जागा वाटण्यासाठीचा आकडा पेपर लिहू देण्यासाठीही वापरला गेला. छत्तीस टक्केवाल्याचा हात चाळीस टक्केवाल्याच्या हाताइतकाच अडत असेल, तरी त्याला घंटा सर्वांबरोबर.

हा गोंधळ सोडवला तो लिहिताना हात आखडणाऱ्या एका डॉक्टर उमेदवाराने. नागरी सेवेच्या २०१८ च्या परीक्षेसाठी त्याने लेखनिक मागितला, आयोगाने नाकारला. पुढे न्यायालयाच्या सांगण्यावरून एम्सने तपासलं, अपंगत्व भरलं सहा टक्के. सहाच. पण त्या सहा टक्क्यांत त्याचं सगळं लिहिणं अडकलं होतं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदिरा बॅनर्जी आणि न्या. संजीव खन्ना यांनी निकाल दिला: वाजवी सोय हा प्रत्येक अपंग व्यक्तीचा हक्क आहे, चाळीस टक्क्यांची रेघ आरक्षणासाठी आहे, लेखनिकासाठी नाही. रायटरच्या आडून कॉपी होईल या भीतीलाही निकालाने उत्तर दिलं. धडधाकट उमेदवारही कॉपी करतात, म्हणून कुणी सगळ्या धडधाकटांची परीक्षा बंद करत नाही. मग अपंगांवरच आधी संशय का? कॉपीमुक्त अभियानाच्या बातम्या दर फेब्रुवारी-मार्चमध्ये वाचणाऱ्या आपल्या भागाला हा प्रश्न नीट कळायला हवा. नव्या सूचना तीन महिन्यांत करा, असं न्यायालयाने सरकारला सांगितलं होतं. त्या निघाल्या १० ऑगस्ट २०२२ ला, दीड वर्षाने.

मधल्या काळात मुंबईत जे घडलं, ते या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे.

१२ सप्टेंबर २०२१. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा, देशभरात सोळा लाखांच्या आसपास उमेदवार. मुंबईतल्या एका केंद्रावर एक मुलगी बसली होती. तिला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याचीच अडचण. तिच्याकडे चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र होतं. परीक्षा तीन तासांची, म्हणजे तिला आणखी एक तास. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय चाचणी संस्थेच्याच माहितीपुस्तिकेत तसं छापलेलं होतं. तीन तास संपले, घंटा झाली, आणि सगळ्यांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली गेली.

इथे ती कुठल्याही रेघेखाली नव्हती. कायदा तिच्या बाजूने होता, नियम तिच्या बाजूने होता, पुस्तिका तिच्या बाजूने होती. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला तो नियम ठाऊक नव्हता, एवढंच. दोन-तीन वर्षांचा अभ्यास, घरच्यांची आशा, सगळं त्या एका क्षणात दुसऱ्याच्या अज्ञानावर येऊन अडकलं. पर्यवेक्षक वाईट होता, असं मी म्हणत नाही. त्याला कुणी सांगितलंच नसेल. पण ज्याने सांगायचं त्याने सांगितलं नाही, आणि भोगलं तिने.

मुंबई उच्च न्यायालयात तिची दाद लागली नाही. ती दिल्लीला गेली. त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमा १९ नोव्हेंबरला होती. तिच्यानंतर चारच दिवसांनी, २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, न्या. चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांनी निकाल दिला. तिच्यावर अन्याय झाला, हे न्यायालयाने मान्य केलं. एकटीसाठी फेरपरीक्षा घ्यायला सांगणं मात्र त्यांनी टाळलं, कारण लाखोंचं वेळापत्रक त्यावर टांगलेलं होतं. पण लाखोंच्या परीक्षेत एखाद्यावर अन्याय व्हायचाच, असं म्हणून तो विसरून जाता येणार नाही, असं बजावत त्यांनी संस्थेला आठवडाभरात त्या अन्यायाच्या भरपाईचा मार्ग शोधायला सांगितलं. शिवाय यापुढे पुस्तिकेत सोयी स्वच्छ शब्दांत लिहा, त्या चाळीस टक्क्यांत अडकवू नका, आणि केंद्रावरच्या प्रत्येक माणसाला त्याचं प्रशिक्षण द्या, असे आदेश दिले.

माझ्या मते या निकालातलं सर्वांत मोलाचं वाक्य प्रशिक्षणाचं आहे. हक्काची व्याख्या दिल्लीत होते, पण तो मिळतो किंवा हिरावला जातो तो बाकाशेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून. तो माणूस बहुधा जवळच्याच कॉलेजातला शिक्षक असतो, एका दिवसाच्या मानधनावर आलेला.

*

बीड जिल्ह्याबद्दल एक गोष्ट लपवून हा विषय लिहिता येणार नाही. २०२३ च्या सुरुवातीला इथल्या जिल्हा परिषदेने बदलीसाठी दिव्यांग प्रमाणपत्रं जोडलेल्या शिक्षकांची फेरतपासणी करून घेतली, आणि त्यातून अनेकांवर निलंबनाची कारवाई झाली. पुढच्याच वर्षी पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं. केंद्रीय आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी ती उमेदवारी रद्द केली. अशा बातम्यांनी प्रत्येक प्रमाणपत्राकडे तिरक्या नजरेने पाहण्याची सवय लावली. खोटं प्रमाणपत्र काढणारा शासनाला फसवतोच, पण त्याहून मोठा घाव तो खऱ्यांवर घालतो. त्याच्यामुळे कुबडीवर आलेल्या मुलीला खिडकीवर दहा वेळा विचारलं जातं. तपासणी कडक व्हावी, यात दुमत नाही. कडक तपासणी रुग्णालयात व्हावी, परीक्षेच्या बाकावर नव्हे. पेपर सुरू झाल्यावर कुणाच्या हाताकडे पाहून ‘एवढं तर लिहिता येतंय की’ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पेपर झाल्यावरही लढाई संपत नसे. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत वाचा-भाषादोष असलेल्यांसाठी विलक्षण कोंडी होती: चाळीसच्या खाली असाल तर राखीव जागा नाही, चाळीस किंवा वर असाल तर एमबीबीएसलाच अपात्र. महाराष्ट्रातला एक विद्यार्थी या कोंडीत सापडला. मुंबई उच्च न्यायालयाने पुढची तारीख दिली तोवर प्रवेशाच्या फेऱ्या निघून जाणार होत्या. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाकडून तपासून घेतलं. तो शिकू शकतो, असा अभिप्राय आला आणि प्रवेश मिळाला. १५ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्या. भूषण गवई, न्या. अरविंद कुमार आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितलं, की आकडा पाहून दार लावू नका, हा उमेदवार हा अभ्यासक्रम करू शकतो का, ते पाहा. अमरावतीचे गवई त्या खंडपीठावर होते, याचा मराठी माणूस म्हणून मला आनंद आहे.

३ फेब्रुवारी २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी उरलेलं दारही उघडलं. बँकभरतीच्या परीक्षेतल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात त्यांनी आदेश दिला, की २०२२ च्या सूचना सगळ्या परीक्षामंडळांनी पाळाव्यात, चाळीस टक्के असोत-नसोत सर्व अपंग उमेदवारांना सोयी द्याव्यात, आणि तक्रारीसाठी व्यवस्था उभी करावी.

कायद्याच्या बाजूने आता फारसं मागायचं उरलेलं नाही. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही केला. उरलं आहे ते घरात, शाळेत आणि केंद्रावर.

बीड, केज, गेवराई, अंबाजोगाईहून लातूरला शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनो, फॉर्म भरताना दिव्यांगत्वाचा रकाना लाजेपोटी रिकामा सोडू नका. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, वेळेत काढा. चाळीसच्या खाली असाल तरी त्या वेळी लागू असलेल्या सूचनांतल्या नमुन्यात लिहिण्याच्या अडचणीचं प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयाच्या समितीकडून घ्या. माहितीपुस्तिकेतलं या सोयींचं पान छापून सोबत ठेवा, आणि केंद्रप्रमुखाला पेपर सुरू होण्याआधी दाखवा, नंतर नाही. ज्यांचं अक्षर बरं आहे आणि वर्षातल्या चार सकाळी मोकळ्या आहेत, त्यांनी नियमात बसत असाल तर कुणाचा तरी रायटर व्हा. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने आपल्या जाहिरातीतला ‘अनुग्रह’ हा शब्द बदलावा, तो कपिलधारच्या समाधीपाशी राहू द्यावा.

आणि परीक्षेच्या दिवशी खोलीत उभ्या असलेल्या शिक्षकांना एवढीच विनंती: घंटा झाली की त्या एका बाकावरचा पेपर उचलू नका. त्या उमेदवाराचा अजून एक तास शिल्लक आहे.